जाळीखालच्या तीन पिशव्या

खरकटं काढायची मला कधी किळस वाटली नाही. चिंचवडला घरातच माझी खानावळ होती. कारखान्यातली मुलं जेवायला यायची, ताटातच हात धुवायची, एकाने तर एकदा आमटीच्या वाटीत विडी विझवली होती. मी ती ताटं उचलली, घासली, संध्याकाळी पुन्हा मांडली. पोटासाठी करायचं काम, त्यात कसली घाण. पण गेल्या दिवाळीनंतर जपानातल्या एका डोंगरावर, झाडं लालपिवळी झालेली, हवा इतकी स्वच्छ की नुसता श्वास घेतला तरी तोंड धुतल्यासारखं वाटावं, अशा ठिकाणी मला जी शिसारी आली ती अजून अंगातून गेलेली नाही. लिहिल्याने जाते का बघू. लिहायचं मला कोणी शिकवलेलं नाही, सातवीत शाळा सुटली. बोलते तशीच लिहिते.

माझा मुलगा जपानात, टोकियोजवळच्या त्सुकुबाला असतो, सॉफ्टवेअरमध्ये. मी थंडीत पाहुणी म्हणून जाते आणि व्हिसा संपायच्या आत परत येते. सुनेची नोकरी टोकियोत. आठवडाभर ती ट्रेनमध्ये उभी असते, त्यामुळे रविवारी तिला झोपू द्यायचं आणि मुलाने मला बरोबर घेऊन बाहेर पडायचं, असं आमच्या घरात न बोलता ठरलेलं आहे.

या मुलाला तिथे जाऊन एक वेड लागलं, स्नोमोबाइलचं. बर्फावरची मोटरसायकल म्हणा. पुढे चाकांऐवजी दोन घसरपट्ट्या आणि मागे रणगाड्यासारखा पट्टा. आमच्या घरापासून उत्तरेला बरंच आत गेलं की डोंगरातली एक वाडी लागते, तिथे असल्या गाड्या चालवणाऱ्या हौशी लोकांचा क्लब आहे. मी आधी कपाळाला हात लावला होता.

"अरे, पुण्यात तू उभ्या स्कूटरवरून पडला होतास," मी म्हटलं.

"आई, बर्फात पडलं की लागत नाही."

"मग लोक बर्फातच का नाही राहायला जात?"

पण गाडीपेक्षा मला आवडलं ते गाडीच्या आधीचं काम. बर्फ पडायच्या आधी हे लोक सुट्टीच्या दिवशी जमतात आणि जंगलातली वाट साफ करतात. तिथे कमरेएवढा बुटका बांबू माजतो, तो कापायचा. वादळाने आडवी पडलेली झाडं करवतीने तोडून बाजूला लोटायची. मग वाटेच्या कडेने उंच दांड्या ठोकायच्या, टोकाला लाल फीत बांधून, म्हणजे माणूसभर बर्फ पडला तरी वाट कुठे आहे ते कळतं. पैसा नाही, मानपान नाही. दुपारी सगळे रांगेत बसून भाताचे गोळे खातात, गोळ्याचा कागद घडी घालून खिशात ठेवतात, आणि पुन्हा उठतात. मला ते पाहून गावाकडची जुनी माणसं आठवायची, विहिरीचा गाळ एकत्र काढणारी. मी सगळ्यांसाठी मोठ्या थर्मासमधून आलं घालून चहा न्यायची. क्लबचा अध्यक्ष आहे एक निवृत्त सुतार, त्याला सगळे काइचो-सान म्हणतात, म्हणजे अध्यक्षसाहेबच. तो माझा चहा दोन्ही हातांनी घ्यायचा आणि मला ओका-सान म्हणायचा, म्हणजे आई. वयाने माझ्याएवढाच असेल. पण चालायचं.

ही वाट नुसती हौसेची नाही, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. वाडीच्या वर, पुलापलीकडे, एकच घर आहे. तिथे एक म्हातारी एकटी राहते. तिला सगळे ओबाचान म्हणतात, आजी. बर्फ काढणारं सरकारी मशीन पुलापर्यंतच येतं. पुलापासून तिच्या दारापर्यंतचा चढ बर्फात गाडला जातो. पण क्लबच्या गाड्या तिच्या अंगणावरून वर जंगलात जायच्या, जायच्या-यायच्या त्यात बर्फ दाबला जायचा आणि त्याच दाबलेल्या वाटेने ही बाई काठी टेकत पुलापर्यंत यायची. रॉकेलचे डबे, तांदूळ, औषधं, सगळं क्लबची माणसं वर पोचवायची. वाट नसेल तर तिला थंडीभर खाली शहरात मुलीच्या फ्लॅटमध्ये जाऊन राहावं लागणार. आणि ते तिला नको होतं. एकदा माझ्या मुलाला म्हणाली, "मुलीकडे सगळं आहे. फक्त मी कुठे बसायचं ते नाही." हे वाक्य मला जपानी न येताही पोचलं असतं.

जंगल सगळ्या वाडीच्या मालकीचं. वाट वापरायची परवानगी वाडीची बैठक दर वर्षी नव्याने देते. अट एकच, जंगल जसं होतं तसं ठेवायचं.

आता त्या दिवसाचं सांगते. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. आम्ही सकाळी वर गेलो. ओबाचानच्या अंगणातलं काकीचं झाड फळांनी वाकलं होतं. काकी म्हणजे आपल्याकडे टोमॅटोसारखं दिसणारं नारिंगी फळ येतं ना बाजारात, ते. ती फळं सोलून, दोरीला बांधून छपराखाली वाळवायची आणि थंडीत क्लबच्या लोकांना द्यायची, हा तिचा नेम. तिने वरूनच हात हलवला. आम्ही बांबू कापत कापत पुढे गेलो, डोंगरावरच्या विसाव्यापर्यंत. विसावा म्हणजे लाकडी छप्पर आणि दोन बाकं, बाजूला क्लबची पेटी. पेटीत दांड्या आणि दोर ठेवलेले असतात आणि माकडांनी उपसू नये म्हणून वर एक जुनी निळी जाळी टाकलेली असते.

काइचो-सान सगळ्यांच्या पुढे होता. तो एकदम थांबला आणि हात वर केला. मागचे सगळे थांबले.

जाळी फाडलेली होती आणि विसाव्याच्या चहूबाजूंना, बांबूत, बाकांखाली, कचरा पसरला होता. मला आधी वास आला. वास माझ्या ओळखीचा होता. आंबलेला कांदा, हिंग, तूप. मी पुढे जाऊन पाहिलं. पुऱ्या. दवाने फुगून पांढऱ्या पडलेल्या पुऱ्या, त्यांच्यावर बिनशंखाच्या गोगलगायी. बटाट्याची भाजी, तिला केसासारखी बुरशी आलेली. चकल्या, शंकरपाळे, कागदी ताटल्या, द्रोण. लहान मुलांचे लंगोट, ते प्लास्टिकचे असतात ते, टराटरा फाडलेले, आणि त्यातलं सगळं बाहेर. मधोमध अस्वलाची विष्ठा, एवढी थोरली, आणि तिच्यात चमचमणारा चांदीचा कागद. मिठाईच्या डब्यातला. अस्वलाने तो गिळला होता आणि बाहेर टाकला होता.

काइचो-सानने अस्वल दूर राहावं म्हणून कमरेला बांधलेली घंटा जोरात वाजवली, दोघांनी पत्र्याचा डबा बडवला, आणि आजूबाजूला काही हालचाल नाही अशी खात्री झाल्यावर तो मुलाला काहीतरी म्हणाला. मुलाने मला सांगितलं, "म्हणतायत, एक कणही मागे ठेवायचा नाही. अस्वलाला एकदा माणसाच्या अन्नाची चव लागली की ते माणसाच्या दारात येतं."

मग आम्ही उचललं. सगळे चिमट्याने उचलत होते, माझ्याकडे नुसते हातमोजे. लंगोट मी उचलले, कारण त्यांना हात लावायला मी त्या परक्या माणसांना लावणार नव्हते. आणि उचलता उचलता मुलगा माझ्याजवळ सरकला.

"आई," तो हळूच म्हणाला, "काही बोलू नकोस."

"काय बोलू नको?"

"पाकिटांवर मराठी आहे. त्यांना वाचता येत नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. लंगोटांची आली नव्हती एवढी किळस मला त्या क्षणी त्याची आली. माझ्या पोटच्या मुलाची. खोटं कशाला लिहू.

तेवढ्यात काइचो-सानच्या हातात चकलीचं रिकामं पाकीट आलं. वर ठळक अक्षरात भाजणी चकली. त्याने ते उलटं केलं, सुलटं केलं, माझ्या मुलाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही, नीट चौकोनी घडी घातली आणि पिशवीत टाकलं. त्या सगळ्या डोंगरात भारतीय म्हणून येणारे आम्हीच. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या पदर पसरून घेतल्या असत्या.

खाली पुलाजवळ फोनला रेंज येते. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "लाव फोन. आणि मला ऐकू येईल असा लाव."

हे कोण ते मला माहीत होतं. मुलाच्या ओळखीची, टोकियोच्या कडेला ग्योतोकु आहे तिथली मराठी मंडळी. तिकडे आता आपली पुष्कळ कुटुंबं आहेत, एका मजल्यावर फोडणी पडली की तीन मजले शिंकतात. लाल पानं बघायला आणि दिवाळीचं एकत्र जेवायला कुठेतरी जाऊ म्हणत होते, तर याने त्यांना या विसाव्याचा नकाशा पाठवला होता. हा स्वतः कामामुळे गेला नव्हता, माझा गुडघा धरला होता. फोन उचलला तो त्यांच्यातल्या एकाने, बँकेतला आहे, बोलायला गोड.

"अरे, कचरा?" तो म्हणाला. "पसरला कसा? आम्ही सगळा वेगळा केला होता. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या. तीन पिशव्या."

मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "काकू, बाटल्यांची लेबलंसुद्धा काढली होती."

"मग ठेवल्यात कुठे?" मी विचारलं.

"तिथेच, कचऱ्याच्या जागेवर. निळी जाळी होती ना."

तुम्हाला सांगायला हवं, तिथे शहरात प्रत्येक गल्लीच्या कोपऱ्यावर कचरा ठेवायची जागा असते, आणि कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून तिच्यावर अशीच निळी जाळी असते. कुठल्या वारी कुठला कचरा, हे ही माणसं तिथे जाऊन पाठ करतात, चुकलं तर पिशवी तशीच दारात पडून राहते आणि शेजारी बघतात. त्या धाकाने एवढं शिकले, की जाळी दिसली की पिशवी ठेवायची. जंगलात, डोंगराच्या माथ्यावर, जिथे गाडी तर सोडाच, सायकल येत नाही, तिथे हा कचरा न्यायला कोण येणार आहे, हा प्रश्न एवढ्या माणसांतल्या एकाच्याही डोक्यात आला नाही.

"अरे, पण तिथून कचरा नेणार कोण?" मुलाने विचारलं.

"असेल ना कोणीतरी. जपान आहे हे."

असेल ना कोणीतरी. माझा संताप कचऱ्यापेक्षा या वाक्यावर जास्त आहे. पुण्यात हेच वाक्य, चिंचवडला हेच, आता तिथेही. जाईल तिथे आपल्यामागे कोणीतरी असतो, आणि तो आपलं काढतो. मी म्हटलं, "ते कोणीतरी मी आहे. तुमच्या पोरांचे लंगोट आत्ता माझ्या मांडीशी आहेत."

"काकू, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "झालं ते झालं. आपण पुढच्या वेळी लक्षात ठेवू."

आणि अन्न. पाच-सहा माणसं जेवली असती एवढं अन्न टाकलं होतं त्यांनी. माझ्या खानावळीत उरलेली पोळीसुद्धा मी सकाळी फोडणीला टाकायची.

त्यानंतर दोन दिवसांनी अस्वल ओबाचानच्या अंगणात आलं. आधी कधी आलं नव्हतं. काकीची फांदी मोडून, फळं खाऊन गेलं. दुसऱ्या रात्री पुन्हा आलं. वाडीत गडबड उडाली, बैठक लवकर बोलावली. मुलगा क्लबच्या बाजूने बसायला गेला होता. परत आला तो बूट न काढताच दारात उभा राहिला.

"वरची वाट बंद," तो म्हणाला. "विसाव्याकडे आता कोणी जायचं नाही. फक्त पुलापासून ओबाचानच्या दारापर्यंतची ठेवलीय. आणि तीही तिने झाड तोडलं तर. झाड आहे तोवर अस्वल येणार, आणि अस्वल येणार असेल तर तिला एकटीला वर राहू देणार नाहीत."

"मग ती काय म्हणाली?"

"नुसती होकाराची मान हलवली."

"तू सांगितलंस तिथे, कचरा कोणाचा होता ते?"

तो बूट काढायला लागला.

"काइचो-सान म्हणाले की क्लबची चूक झाली, जाळी तिथे ठेवायला नको होती. सगळ्यांदेखत वाकून माफी मागितली त्यांनी."

म्हणजे घाण आमच्या लोकांनी केली, मान त्या सुताराने वाकवली, आणि माझा मुलगा शेजारी बसून राहिला. त्या रात्री मी जेवले नाही. सुनेने विचारलं तर म्हटलं, पोट बिघडलंय. बिघडलंच होतं.

पुढच्या रविवारी दांड्या ठोकायचं काम होतं. क्लबचे निम्मेच लोक आले. फिरायला जंगलच नाही, एका म्हातारीच्या दारापर्यंतची वाट कोण साफ करत बसणार. तेव्हा कळलं की जपानी माणूसही शेवटी माणूसच. ग्योतोकुहून एक कुटुंब आलं, तो बँकेतला, बायको आणि दोन मुलं, कारण तुम्ही येत नाही तोवर रोज फोन करीन असं मी म्हटलं होतं. नवेकोरे हातमोजे, दुकानात गुंडाळून घेतलेला खाऊचा खोका. तो उतरल्या उतरल्या म्हणाला, "काकू, अस्वल दिसेल का?" आणि मुलांच्या हातात कोयता देऊन त्यांचे फोटो काढले. मी तोंड फिरवलं. बायको मात्र दुपारी चहा झाल्यावर आपल्या मुलांचे कागदी पेले चुरगळून स्वतःच्या पर्समध्ये ठेवताना मी पाहिली. पाहिली आणि पाहिली नाही असं दाखवलं.

काकीचं झाड गेलं होतं. बुंधा राहिला होता, ताजा, आतून काळपट. मी मुलाला म्हटलं, "चल. तिच्यापुढे बोलायचंय."

ओबाचान ओट्यावर बसली होती. मी खाली बसले. मी मराठीत सांगितलं, सगळं सांगितलं, कोण होते, काय टाकलं, कसं टाकलं. मुलाने जपानीत सांगितलं. पण माझं बोलणं चांगलं लांब होतं आणि त्याचं दोन वाक्यांत संपलं, आणि म्हातारीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला तिथले दहाच शब्द येतात, पण त्यात कचरा आहे आणि भारतीय आहे. त्याच्या बोलण्यात दोन्ही नव्हते.

"तू गोमी म्हणालास?" मी विचारलं. "इंदोजिन म्हणालास?"

"आई, इथे असं थेट बोलत नाहीत."

मग मीच बोलले. छातीवर हात ठेवून म्हटलं, गोमी. इंदोजिन. आम्ही. सुमिमासेन, म्हणजे माफ करा. आणि कपाळ तिच्या ओट्याच्या फळीला टेकवलं. बँकेतला मागे उभा होता, त्याने फोन खिशात टाकला.

ओबाचान उठून आत गेली आणि एक डबा घेऊन आली. पांढरा, प्लास्टिकचा, श्रीखंडाचा. झाकणावर केशराच्या काड्यांचं चित्र, एका कोपऱ्यात दातांची भोकं. तिने तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला आणि मुलाला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

मुलाने सांगितलं, "अस्वलाने अंगणात आणून टाकला होता. म्हणते, धुऊन ठेवलाय. टाकायचा तर धुऊनच टाकायचा असतो. पण कोणाचा असेल तर परत द्यावा, म्हणून ठेवला."

मी डबा उघडला. आत एक डाग नाही, वास नाही. विसाव्यावरची ती सगळी घाण मी हाताने उचलली होती, पण त्या स्वच्छ डब्याला धरताना माझी बोटं मागे येत होती.

"आणि झाडाचं काय म्हणते?" मी विचारलं. "विचार तिला."

त्याने विचारलं. ती बुंध्याकडे न बघता बोलली.

"म्हणते, झाड किंवा मी, दोघांतलं कोणीतरी एक खाली जाणारच होतं. झाड बोलत नाही, म्हणून ते गेलं."

मग तिने आम्हाला सगळ्यांना चहा दिला. छपराखाली दोऱ्या बांधलेल्या होत्या, रिकाम्या.

बर्फ पडल्यावर मी परत यायच्या आधी एकदा वर गेले. माझा मुलगा आणि काइचो-सान आळीपाळीने गाडी वर-खाली नेऊन ती एवढीशी वाट दाबत होते. दुसरं कोणी नव्हतं. फिरणं नाही, वेग नाही, नुसतं वर आणि खाली, रोलर फिरवल्यासारखं. माझा मुलगा आता दर रविवारी तेवढंच करतो. मी त्याला शाबास म्हटलं नाही. लाल फितींच्या मधून ओबाचान काठी टेकत पुलापर्यंत आली, रॉकेलच्या डब्यावर हात ठेवून उभी राहिली, मला बघून मान लववली. तिच्या मागे, जिथे झाड असायचं, तिथे पांढरं आभाळ होतं.

तो डबा मी चिंचवडला घेऊन आले. त्यात काही ठेववत नाही. मीठसुद्धा.